अवर्षण, दुष्काळ आणि टंचाई : सोलापूरच्या पाण्याचा इतिहास

पाऊस न पडण्यासंबंधी मराठीत तीन शब्द आहेत. अवर्षण, दुष्काळ आणि टंचाई. बोलण्याच्या ओघात आपण ते एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांची कुळे निरनिराळी आहेत. अवर्षण हे आभाळाचे. मेघ आले नाहीत, वृष्टी झाली नाही, एवढेच तो शब्द सांगतो. दुष्काळ हा माणसांचा. काळ फिरला, कणगीतले धान्य सरले, दावणीची जनावरे बाजारात गेली, माणसे देशोधडीला लागली, हे सारे त्या शब्दात सामावले आहे. टंचाई हा कचेरीचा शब्द. तिचे प्रस्ताव जातात, तिच्यासाठी टँकर मंजूर होतात. सोलापूर जिल्ह्याचा इतिहास या तीन शब्दांच्या आधाराने वाचला, तर या भूमीच्या दैन्यात निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती, याचा थोडाफार हिशेब मांडता येतो. तो मांडण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

जमिनीचा स्वभाव

अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीला धडकतात आणि आपले बहुतेक दान तेथेच रिते करतात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. सोलापूरच्या वाट्याला त्याच वर्षात सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर येतो. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच. शिवाय ही सरासरीही फसवी असते. एखादे वर्ष भरभरून येते आणि लागोपाठची दोन वर्षे पाठ फिरवतात. जो पाऊस येतो त्यातला मोठा भाग परतीच्या वाटेवर, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत येतो. हे सारे भूगोलाने ठरविलेले आहे. त्यात कोणाचा अपराध नाही.

परंतु निसर्गाने एका हाताने जे आखडले त्याची थोडी भरपाई दुसऱ्या हाताने केली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्या खडकाच्या झिजेतून येथील काळी माती झाली. ती पाणी शोषून घेते आणि महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. या ओलीवरच येथील शेतकऱ्याने आपली शेती बेतली. पावसाळ्यात रान तयार ठेवायचे, परतीचा पाऊस जमिनीत मुरू द्यायचा आणि मग शाळू, हरभरा, करडई पेरायची. पुढे एक थेंबही पडला नाही तरी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर पीक उभे राहते. सोलापूरला रब्बीचा जिल्हा म्हणतात ते यामुळेच. 'मालदांडी' ही प्रसिद्ध ज्वारी मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड करून पुढे आणली गेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दाणा माणसाला आणि कडबा जनावराला, अशी ही दोघांची सोय पाहणारी शेती. पावसाच्या कमतरतेशी भांडण न मांडता तिच्याशी संसार कसा करावा, हे या मातीतल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

तळे आणि कोठार

भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीच्या अगदी आरंभीच्या शिलालेखांत त्याची गणना होते. हजार वर्षांपूर्वी या नदीकाठी माणसे मंदिरे बांधीत होती आणि मराठीत लिहीत होती, याचा तो पुरावा. जेथे वस्ती टिकते तेथे पाण्याची व्यवस्था असते. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तळे खोदविले. लोकांनी श्रम द्यावे आणि त्याचे पाणी सर्वांनी प्यावे, ही त्या कामामागची वृत्ती होती. आजही संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला जमणारा समुदाय त्या तळ्याच्या काठीच जमतो.

तळ्याच्या जोडीला कोठार हवे. पंधराव्या शतकात मंगळवेढ्याला बिदरच्या बहामनी राजाचे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडू लागली तेव्हा त्यांनी राजाची आज्ञा न घेताच सरकारी कोठारे उघडली. शिक्षा अटळ होती. तेव्हा विठूने महाराचे रूप घेऊन राजाकडे त्या धान्याची किंमत भरली, असे परंपरा सांगते. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातील इतिहास उरतोच: पाऊस पडला नव्हता, पण धान्य होते. प्रश्न होता कोठाराच्या किल्लीचा. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची हकिगत आपल्याला लहानपणापासून परिचित आहे. सुकाळाच्या सात वर्षांत साठवून दुष्काळाच्या सात वर्षांत वाटणारा योसेफ आणि मंगळवेढ्याचे दामाजीपंत यांच्यात देशाचे, काळाचे आणि धर्माचे मोठे अंतर आहे. तरी भुकेल्यासमोर दार उघडावे की नियमावर बोट ठेवावे, हा पेच दोघांच्याही कथेत आहे. अवर्षणाचा दुष्काळ होतो की नाही, हे पुष्कळदा त्या पेचाच्या उत्तरावर ठरते.

आगगाडीचे युग

१८६० मध्ये आगगाडी सोलापुरात पोहोचली आणि येथील अर्थव्यवहाराचे रूप पालटले. त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जिथे ज्वारी पिकत होती तिथे कापूस आला. युद्ध संपले, भाव कोसळले. शेतकऱ्यांच्या माथ्यावर कर्ज तेवढे उरले. गावच्या पेवात साठून राहणारे धान्य आता भाव मिळेल तिकडे आगगाडीने जाऊ लागले.

या काळात सरकारने एक मोठे काम केले, हेही नमूद केले पाहिजे. १८६६ ते १८७१ या वर्षांत शहराजवळ हिप्परगे येथे एकरुख तलाव बांधला गेला. मुंबई इलाख्यातील मोठ्या कृत्रिम जलाशयांत त्याची गणना होत असे. सोलापूर शहराने त्याचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या प्यायले आहे. पण एक तलाव सगळ्या जिल्ह्याला पुरणार नव्हता.

१८७६ मध्ये पावसाने दगा दिला. त्यानंतरच्या दोन वर्षांत दक्षिण हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे भुकेने व रोगराईने मेली, आणि सोलापूर हा मुंबई इलाख्यातील सर्वाधिक पोळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्याच काळात देशातून धान्याची निर्यात चालू होती आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत महाराणीच्या सम्राज्ञीपदाचा दरबार थाटाने भरला होता. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरासाठी दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि वर एक आणा असे वेतन ठरविले. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाच्या देहाला ते पुरणार कसे? मजुरांनी कामे सोडून निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. याच दुष्काळात जिल्ह्यातील आष्टी तलावाचे काम दुष्काळी काम म्हणून निघाले. आज त्या तलावाचे पाणी पाहताना त्याच्या बांधात मुरलेल्या घामाची आठवण ठेवणे आपले कर्तव्य आहे.

या आपत्तीतून १८८० चा दुष्काळ आयोगाचा अहवाल आणि पुढे दुष्काळसंहिता निर्माण झाली. प्रजेला जगविणे ही राज्यकर्त्याची जबाबदारी आहे, हे प्रथमच नियमांत लिहिले गेले. ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्या ख्रिस्ती समाजाच्या इतिहासातही हा काळ खोलवर रुतलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेजारच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी कार्य केले ते याच कोरडवाहू गावांत. १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' मासिक सुरू केले, तेव्हा त्याच्या वाचकांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ भोगलेली घरे होती. आपल्यापैकी अनेक घराण्यांच्या आठवणींचे पहिले पान दुष्काळाचेच आहे. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

शब्द पुसला, दुष्काळ उरला

१९३३ मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे सांगितले ते साधे होते: उताराला आडवे बांध घाला, माती आणि पाणी शेतातच अडवा, बियाणे विरळ पेरा, वरच्या वर कुळवून ओल राखा. जुन्या शेतकऱ्याच्या शहाणपणाला शास्त्राने दिलेली ही पुष्टी होती. ती पुढे किती शेतांपर्यंत पोहोचली, हा निराळा प्रश्न.

१९६३ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक विलक्षण कायदा केला. राज्यात लागू असलेल्या कायद्यांतून दुष्काळ हा शब्द काढून त्याजागी टंचाई असा शब्द घालण्यात आला. आता दुष्काळ पडूच द्यायचा नाही, हा त्यामागचा संकल्प असेल. तो संकल्प थोरच म्हणावा लागेल. परंतु नऊ वर्षांनी, १९७२ मध्ये, दुष्काळ आला. कायद्यातून त्याचे नाव काढले आहे हे त्याला कोणी कळविले नव्हते.

ज्यांनी तो पाहिला त्यांच्या बोलण्यात खडी फोडण्याची कामे, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी हे शब्द अजून येतात. लक्षावधी स्त्री-पुरुष रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर होते. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला बळ आले; तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला. १८७६ मध्ये माणसे लाखांनी मेली, १९७२ मध्ये ती मोठ्या प्रमाणात वाचली. पाऊस दोन्ही वेळा तितकाच निष्ठुर होता. बदलले होते ते माणसांनी माणसांविषयी स्वीकारलेले उत्तरदायित्व.

खेड्यातील वडीलधारी माणसे मात्र आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती फार महत्त्वाची आहे. बहात्तर साली खायला अन्न नव्हते, पण विहिरीच्या तळाला प्यायला पाणी होते. आता दुकानात अन्न आहे, पण विहिरीला पाणी नाही. या एका वाक्यात पुढच्या पन्नास वर्षांचा इतिहास आला.

उजनी आणि ऊस

१९८० मध्ये माढा तालुक्यात भीमेवरचे उजनी धरण पूर्ण झाले. ११७ अब्ज घनफूट पाणी मावेल एवढे ते मोठे आहे; त्यातील सुमारे ६३ अब्ज घनफूट हा मृतसाठा, म्हणजे कालव्याने न निघणारे पाणी. इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत या तालुक्यांतील गावे त्यासाठी पाण्याखाली गेली. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते आणि विस्थापितांची मुले-नातवंडे आपले गाव पाहायला जातात. त्यांनी केलेल्या त्यागावर जिल्ह्याचे भाग्य उभे राहायचे होते.

ते काही अंशी उभेही राहिले. पण पाणी आले त्याबरोबर ऊस आला. ऊस हे बारा ते अठरा महिने शेतात उभे राहणारे पीक. एका हेक्टर उसाला साधारण दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे जिथे वर्षभरात अर्धा मीटर पाऊस पडतो, तिथे दोन मीटर उंचीचा पाऊस पडल्याप्रमाणे पाणी द्यावे लागते. तूट कोठून भरून काढायची? आधी कालव्यातून, मग विहिरीतून, मग कूपनलिकेतून. जिल्ह्यात आज तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. उसाला हमखास भाव आहे, उचल आहे, तो नेणारे वाहन आहे. ज्वारीला यांतले काहीच नाही. म्हणून ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे आम्हाला न्याय्य वाटत नाही. दोष आहे तो अशा व्यवस्थेचा, जी कमी पाण्याच्या जिल्ह्यात अधिक पाणी पिणाऱ्या पिकालाच आधार देते.

कूपनलिकेचेही असेच. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत काय पाणी मुरले असेल तेवढेच. साध्या विहिरीने दरसालच्या पावसाचे व्याज वापरले. शेकडो फूट खोल गेलेल्या नळीने मुद्दल उपसले. शेजाऱ्याने पाचशे फूट खणले की आपण सहाशे खणायचे, या चढाओढीत कर्ज वाढते आणि पाणी दोघांचेही जाते.

२०१३, २०१६ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत उजनी मृतसाठ्याच्याही खाली गेली. उणे साठा असा एक चमत्कारिक शब्दप्रयोग त्यामुळे रूढ झाला. २०१३ मध्ये मोहोळ तालुक्यातील एक शेतकरी मुंबईच्या आझाद मैदानावर उजनीच्या पाण्यासाठी उपोषणाला बसला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले गेले. सोलापूर शहरातील नळांना वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाणी येत राहिले. आणि जे पाणी येते त्यात वरच्या अंगाच्या पुणे-पिंपरी परिसरातील सांडपाण्याचा अंश असतो. वरच्याने घाण सोडायची आणि खालच्याने ती प्यायची, हा व्यवहार शेजारधर्मात बसत नाही.

माणसाच्या सद्हेतूनेही निसर्गाचे नुकसान कसे होते, याचा एक दाखला नान्नजच्या माळावर आहे. माळढोक हा मोठा देखणा पक्षी उघड्या गवताळ माळावर राहतो आणि जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. त्याच्यासाठी १९७९ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. परंतु उजाड दिसणाऱ्या माळावर झाडे लावली म्हणजे निसर्गसेवा झाली, अशा समजुतीने जिल्ह्यातील गवताळ रानांवर ठिकठिकाणी परक्या झाडांची लागवड झाली. काही माळ नांगराखाली गेले. गवत गेले, तसा माळढोकही गेला. आज तेथे एखादा माळढोक दिसला तर ती बातमी होते. आपण ज्याला पडीक म्हणतो ते देवाच्या हिशेबात पडीक असतेच असे नाही.

नदी उलटली तेव्हा

ज्या जिल्ह्याचा इतिहास पाण्याच्या अभावाने लिहिला गेला, त्याला अलीकडे पाण्याच्या लोंढ्यांनीही हैराण केले. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने भीमाकाठ पाण्याखाली गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. एरव्ही वर्षातील बराच काळ कोरडी दिसणारी ही नदी माढा, मोहोळ आणि सोलापूर तालुक्यांतील गावांत शिरली. पिके गेली, जनावरे वाहून गेली, आणि कित्येक ठिकाणी वरची सुपीक माती खरवडून गेली. पीक पुढच्या वर्षी येईल. बोटभर माती तयार व्हायला मात्र शतके लागतात.

हवा तापली की ती अधिक बाष्प धरते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते, असे हवामानशास्त्र सांगते. हवा तापण्याचे कारण जगभरातील चिमण्या, वाहने आणि भट्ट्या. म्हणजे आजवर आम्ही जे अवर्षण आणि अतिवृष्टी निखालस आभाळाच्या खात्यावर मांडत होतो, त्यातही आता माणसाचा हात शिरला आहे. त्यात ओढ्यांवरील अतिक्रमणे, वाळूच्या उपशाने उकरलेली पात्रे आणि फोडलेले बांध यांची भर. तीन शब्दांतला पहिला शब्दही आता पूर्वीइतका निर्दोष राहिलेला नाही.

आपला वाटा

उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने मानवाला बागेत ठेवले ते तिची मशागत करण्यासाठी आणि तिची राखण करण्यासाठी. पहिली आज्ञा आपण उत्साहाने पाळली, दुसरी विसरलो. लेवीयच्या पुस्तकात सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा असे सांगितले आहे, आणि जमीन परमेश्वराची असून आपण तिच्यावरचे उपरे आहोत, हेही स्पष्ट केले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या पत्रात धरणीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच आहे असे सांगितले, तेव्हा ते सोलापूरच्या माळावर उभे राहून बोलत आहेत असे आम्हाला वाटले. पाणी आटते तेव्हा प्रथम आटते ते भूमिहीनाच्या घरचे. आणि त्या घरची बाई डोक्यावर हंडा घेते, मुलगी शाळा सोडते, तरुण ऊसतोडीच्या टोळीत जातो.

आपल्याच ख्रिस्तसभेत याची उत्तरे शोधणारी माणसे होऊन गेली. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर जिल्ह्यात गावकऱ्यांना बरोबर घेऊन पाणलोट विकासाचे काम उभे केले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचे, चराईला आणि कुऱ्हाडीला आवर घालायचा, आणि निर्णय साऱ्या गावाने मिळून करायचा, ही त्यांची पद्धत महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात आदर्श ठरली. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत आपली लेखणी आणि वाणी लावली. २०२० मध्ये आमच्या शेजारच्या उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला, ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ही दोन्ही माणसे आज आपल्यात नाहीत, काम आहे.

पाऊस लांबला की आपण मिस्सामध्ये पर्जन्यासाठी प्रार्थना करतो, आणि ती केलीच पाहिजे. परंतु जो पाऊस देव देतो त्याचा हिशेबही दिला पाहिजे. हजार चौरस फुटांच्या छपरावर सोलापूरच्या सरासरी पावसात सुमारे पन्नास हजार लिटर पाणी पडते. आपल्या देवळांची, शाळांची, धर्मगुरुनिवासांची छपरे किती मोठी आहेत! त्यांचे पाणी विहिरीत किंवा कूपनलिकेभोवती मुरविणे एका धर्मग्रामाच्या आवाक्यातले आहे. ज्यांची शेती आहे त्यांनी निदान एका तुकड्यात तरी पुन्हा शाळू-हरभरा घ्यावा, बांध नीट करावेत, उरलेल्या उसाला ठिबक करावे. शहरातील कुटुंबांनी ज्वारीची भाकरी पुन्हा ताटात आणावी. ती खाणारे असतील तरच पिकविणारे टिकतील. १५ मे रोजी शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याचा सण येतो. मृगाच्या पावसाला तेव्हा तीन आठवडे असतात. छपरांचे नळ जोडायला आणि विहिरीचा गाळ काढायला तेवढे दिवस पुरतात.